डिकीवरची पट्टी

एकदा मी घरमालकांच्या गाडीवरची पट्टी टायर काढायच्या पहारीने उचकटून घेतली आणि मागे राहिलेल्या भोकांवर शुभ-लाभचे स्टिकर चिकटवले. वय काही लहान नव्हतं. पदरात दोन मुलं होती, महिला मंडळाची मी चिटणीस होते, आणि गल्लीत कुठे काय शोभतं, काय शोभत नाही, याचा निकाल माझ्याकडे लागतो अशी सगळ्यांची समजूत आहे, अशी माझी समजूत होती.

पट्टी म्हणजे स्पॉयलर. हा शब्द मला आपण शिकवला असं माझ्या नातवाला वाटतं. मला तो त्याच्या जन्माआधीपासून येतो, आणि अजून ऐकला की माझे कान गरम होतात. डिकीवर मागच्या कडेला बसवतात ती फायबरची आडवी वस्तू. खाली दोन पाय, वर पंखासारखा फळा. गाडी जोरात निघाली की वारा तिच्यावर दाब देतो आणि मागची चाकं रस्ता सोडत नाहीत, असं म्हणतात. नव्वद सालाच्या पुढेमागे जळगावात ती एखाद्या हौशी पोराच्या गाडीवर दिसायची. आमच्या गल्लीत ती होती आमच्या घरमालकांच्या छोट्या पांढऱ्या गाडीवर, आणि घरमालक होते साठी उलटलेले, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर, गाडी दुसऱ्या गिअरच्या वर न नेणारे.

त्यांना सगळे नाना म्हणत. गाडी सरळ न्यायची असली तरी नाना उजवा हात खिडकीबाहेर काढून ठेवत. मी एकदा विचारलं, "नाना, वळायचं नसताना हात कशाला?"

"वळणारा सांगतो, मी वळणार. सरळ जाणाऱ्यानं सांगू नये का?"

आमचे हे म्हणाले, "तू कशाला तोंड घालतेस?" पण तोंड घालणं हाच तेव्हा माझा मुख्य उद्योग होता.

चित्रकलेचे मास्तर म्हटल्यावर वाटेल, घरात चित्रं असतील, पडद्यांना झालर असेल. नानांच्या घरात भिंतीवर खिळासुद्धा नव्हता. टॉवेल बिनकाठाचा, चादर कोरी, पाण्याचा तांब्या असा गुळगुळीत की त्यावर बोट ठेवलं तर बोटालाच लाज वाटावी. शोभा या शब्दाचा त्यांना इतका राग की कोणी नुसतं "छान शोभतंय" म्हटलं तरी ते चष्मा काढून पुसायला लागत. "शोभा म्हणजे आळशी माणसाची मेहनत," ते म्हणायचे. "मूळ वस्तू नीट करायला कष्ट पडतात. मग वरून फूल काढायचं."

आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा त्यांनी भाड्याचं नंतर बोलू म्हणून सांगितलं आणि आधी रांगोळीचं बोलून घेतलं. दारात एक रेघ चालेल. वेल चालणार नाही, मोर तर नाहीच. मी मान डोलावली आणि पहिल्याच दिवाळीला दोन मोर काढले, समोरासमोर. नाना सकाळी बाहेर आले, मोरांकडे पाहिलं, धोतर वर धरलं आणि चिखलातून जावं तसे टाचांवर पावलं टाकत पलीकडे गेले. मला वाटलं, जिंकले.

वांग्याचं भरीत केलं की मी वाटीभर त्यांना देत असे. वर कोथिंबीर भुरभुरवलेली. ते दारातच वाटी डोळ्यांसमोर धरत. "वहिनी, ही कोथिंबीर आत का नाही घातली?"

"दिसायला बरी दिसते, नाना."

"भरीत दिसायला करतात होय?" आणि माझ्यासमोर चमच्याने ती आत कालवून मग घरात नेत.

त्यांची बायको लवकर गेली होती. एक मुलगी होती, तिचं नाव त्या घरात निघत नसे. कॉलेजात असताना तिने धुळ्याच्या एका पेंटरशी लग्न केलं होतं. तो हायवेवर ट्रक रंगवायचा. ट्रकच्या फळीवर कमळं, गरुड, डोंगरामागून उगवणारा सूर्य, शेरोशायरी, आणि जिथे काही सुचणार नाही तिथे नुसती वेलबुट्टी. लोकांना वाटलं, नानांना जात आडवी आली, पैसा आडवा आला. नानांनी तेव्हा जे कारण सांगितलं ते गल्लीत पुढे कितीतरी दिवस नक्कल करून सांगितलं जायचं, आणि नक्कल सगळ्यांत चांगली मी करायची. नाना म्हणाले होते, "ज्याला रिकामी जागा बघवत नाही, त्याच्या घरात माझी मुलगी राहणार कशी?"

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकते. मला ती उशिरा कळली. तुम्हाला तरी वेळेवर कळू दे. ती पट्टी त्याच जावयाने पाठवली होती. ट्रकचं रंगकाम कमी करून त्याने फायबरच्या वस्तू ओतायला सुरुवात केली होती आणि स्वतःच्या साच्यातून निघालेली पहिली पट्टी सासऱ्याच्या गाडीच्या मापाने करून, केळीच्या एका ट्रकवाल्याबरोबर, गोणपाटात गुंडाळून जळगावला धाडली होती. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. आणि त्या पट्टीवर फूल नव्हतं, रेघ नव्हती, काहीच नव्हतं. कोरी पांढरी. ट्रकवर टीचभर जागा मोकळी न सोडणारा माणूस, त्याने ती कोरी ठेवली होती. नानांनी ती परत पाठवली नाही. बापलेकीत इतक्या वर्षांत झालेलं बोलणं म्हणजे ती पट्टी. तोवर दुसरं काही नव्हतं.

मला हे ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की शोभेचा शत्रू स्वतःच्या गाडीला शेपूट लावतोय.

ती बसवताना नानांनी जे केलं, ते बघायला मी पोळ्या तव्यावर टाकून बाहेर यायची. पहिले काही दिवस ते गाडीच्या मागे खुर्ची टाकून नुसते बसले. एक डोळा मिटून, हात लांब करून, अंगठा उभा धरून मापं घ्यायचे. मग डिकीवर खडूने एक मध्यरेषा काढली. शाळेतला मोठा लाकडी काटकोन आणला, ओळंबा आणला. एक दिवस मला हाक मारली.

"वहिनी, तुमची नजर चांगली आहे. फाटकापाशी उभ्या राहा आणि सांगा, समपातळीत आहे का?"

पट्टी अगदी सरळ होती. मी म्हटलं, "डावीकडे थोडी वर हवी."

त्यांनी डावीकडे वर केली. मी म्हटलं, "आता उजवीकडे." अर्धी सकाळ मी त्यांना नाचवलं, आणि ते नाचले, कारण माझी नजर चांगली आहे असं त्यांना खरंच वाटत होतं. शेवटी पट्टी होती तिथेच आली तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, "बघा, दुसऱ्या माणसाची नजर लागतेच." आत येऊन मी पदर तोंडात कोंबून हसले.

मग भोकं पाडली, हाताच्या ड्रिलने, हळूहळू. पत्रा उघडा पडला की गंजतो, म्हणून भोकांच्या आतल्या कडांनासुद्धा बारीक ब्रशने प्रायमर लावला. जुन्या रबरी चपलेतून गोल चकत्या कापून पट्टीचे पाय आणि पत्रा यांच्यामध्ये बोल्टभोवती घातल्या, म्हणजे पाणी डिकीत उतरणार नाही. पायांच्या खाली चिकटपट्टा लावला. कोणी विचारलं, "नाना, कुठून आणली?" की एकच शब्द, "आली."

आमचे हे एकदा म्हणाले, "नाना, याचा उपयोग गाडी ऐंशी-नव्वदने पळाली तर. तुम्ही तर वीसच्या वर जात नाही."

"मी जात नाही. तिनं तयार असावं."

रोज सकाळी देवपूजेच्या वेळेला नाना पट्टी पुसायचे. बाकी गाडीवर बादलीभर पाणी मारलं की झालं, पण पट्टीला जुन्या धोतराचा मऊ तुकडा, तोही ओला करून घट्ट पिळलेला. शनिवारी मेण. कडुलिंबावरून कावळ्याने घाण टाकली की जेवणाच्या ताटावरून उठून यायचे, कारण ती घाण रंग खाते. जळगावचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. चैत्र-वैशाखात दुपारी गाडीला हात लावला तर फोड येईल. तेव्हा सगळी गाडी उन्हात आणि फक्त पट्टीवर भिजवलेलं गोणपाट. जाणारे-येणारे थांबून बघत. उन्हाळा लागला की ते पान्याने तिचे नट जरा सैल करत आणि थंडी आली की पुन्हा आवळत.

"उन्हानं फायबर फुगतं, वहिनी. तेव्हा घट्ट धरून ठेवलं तर तडकतं. थोडं सैल सोडावं लागतं."

हे बोलताना ते पान्याकडे बघत नव्हते, हे मला आता आठवतं. तेव्हा मी बहुधा पापडाचं पीठ भिजलंय का याचा विचार करत होते.

तर त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी माझ्या नणंदेला बघायला सावद्याहून पाहुणे येणार होते. केळीची बागायती, घरात ट्रॅक्टर, दोन ट्रक. ते रेल्वेने जळगावला उतरणार, आणि त्यांना स्टेशनवरून सायकलरिक्षात आणायचं या कल्पनेनेच माझं जेवण कमी झालं होतं. मी नानांकडे गाडी मागितली. नाना गाडी कोणाला देत नसत. त्यांनी विचारलं, "मुलीचं काम आहे?"

"हो, नाना."

"मग न्या." किल्ली हातात ठेवली. ते स्वतः दोन दिवस एरंडोलला बहिणीकडे निघाले होते. फाटकापर्यंत गेले आणि परत आले. "सगळं वापरा. फक्त त्या पट्टीला हात लावू नका. आखाजीला मला गाडी घेऊन बाहेरगावी जायचंय."

कुठे, ते मी विचारलं नाही. नाना बाहेरगावी म्हणजे एरंडोल, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागे येऊन थांबले. सावद्याचे लोक काय म्हणतील? गाडी म्हाताऱ्याची आणि शेपूट टवाळ पोरांचं. हसतील. दारात सात रंगांचे मोर काढणारी मी, मला त्या कोऱ्या पट्टीची लाज वाटली. एका दिवसापुरती काढू, नाना यायच्या आत परत लावू, असं मी ठरवलं. हे अंघोळीला गेले तशी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावून आणलं.

नट सहज फिरले. पंक्चरवाला म्हणाला, "ताई, याला आतून ग्रीस लावलेलं आहे. कोणीतरी फार जपतंय." नट निघाले, पण पट्टी हलेना, कारण पायाखाली तो चिकटपट्टा होता. "ही गरम पाण्यानं हळूहळू सोडवायला लागेल," तो म्हणाला. "उद्या करू."

"उद्या काय पाहुणे गेल्यावर? पहार लाव."

"फुटंल."

"अरे लाव. मी सांगते ना."

त्याने लावली. मी पट्टीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरून वर ओढत होते. पापड मोडल्यासारखा आवाज झाला. माझ्या हातात मोठा तुकडा आला आणि एक पाय डिकीवरच उभा राहिला. पंक्चरवाल्याने पहार उचलली आणि निघून गेला. तो पाय मीच मग विळीच्या टोकाने खरवडून काढला. भोकं दिसायला लागली. घरात दिवाळीचे शुभ-लाभचे स्टिकर होते, चंदेरी काठाचे. ते मी भोकांवर लावले, मागे सरून पाहिलं आणि, खोटं कशाला सांगू, मला ते छान वाटलं. हे बाहेर आले, डिकीकडे बघितलं, आणि डोक्याला हात लावला.

पाहुणे आले. मुलाचा धाकटा भाऊ गाड्यांचा शौकीन निघाला. पोहे खाऊन उठला, गाडीच्या मागे गेला आणि म्हणाला, "आमच्या सावद्यात आता एकूण एक, बठ्ठी पोरं मागे स्पॉयलर लावतात. या गाडीला काय भारी दिसलं असतं." मग वाकून, एक स्टिकर नखाने उचलून, "अरे, होतं वाटतं. कोणी काढलं?" मी चहा आणायच्या निमित्ताने आत पळाले. पोहे आधीच दिलेले होते, ते पुन्हा दिले.

नाना दुसऱ्या दिवशी दुपारी आले. मी खिडकीतून बघत होते. फाटक उघडून ते आत आले, गाडीपाशी थांबले, पिशवी खाली ठेवली. मग घरात जाऊन गरम पाण्याची वाटी आणि ब्लेड घेऊन आले. एकेक स्टिकर भिजवून, पत्र्याला ओरखडा जाऊ न देता काढला. शुभ गेलं, लाभ गेलं. मी बाहेर येऊन उभी राहिले.

"तुकडा कुठे आहे?"

जुन्या लुगड्यात गुंडाळून मी तो बाथरूमच्या माळ्यावर लपवला होता. आणून दिला. त्यांनी फुटलेली कड बोटाने चाचपली. आयुष्यभर शाळेत शुद्ध बोललेला माणूस, त्या दिवशी लहानपणच्या अहिराणी बोलीत बोलला.

"हाई जवाईनी धाडेल शे."

मग माझ्याकडे बघून, परत शाळेतल्या भाषेत, "आखाजीला मी धुळ्याला जाणार होतो. मुलीला आणायला. ट्रकवाल्याबरोबर निरोप गेलाय."

आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे काय, हे मला सांगायला नको होतं. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि ज्या लेकीला न्यायला कोणी येत नाही ती त्या दिवशी उंबऱ्यावर बसून राहते. मी म्हटलं, "नाना, मग जा ना. चूक माझी आहे, असं सांगा."

"भोकं दिसतील. लावली आणि काढून टाकली, असं त्याला वाटेल."

"मी मोडली म्हणून सांगा."

"आजवर मी त्याच्याशी बोललो नाही. पहिलं बोलणं काय, तर भाडेकरणीनं मोडली?" त्यांनी तुकडा पुन्हा लुगड्यात गुंडाळला. "कसं बोलू, वहिनी?"

इथल्याच एखाद्या फायबरवाल्याकडून जोडून आणू, असं आमच्या ह्यांनी सुचवलं. नानांनी फक्त मान हलवली. जावयाच्या हातची वस्तू त्यांना दुसऱ्याच्या हातात द्यायची नव्हती.

आखाजीला गाडी फाटकाच्या आत होती. मी खापरावरचे मांडे केले होते, त्यांना द्यायला गेले. त्यांनी दार उघडलं, ताट घेतलं, "नणंद पसंत पडली ना?" विचारलं. पसंत पडली होती. मी हो म्हटलं. "चांगलं झालं," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. सकाळी त्यांनी गाडीही पुसली नव्हती. डिकीवर कावळ्याची घाण तशीच होती.

आता शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण मी महिला मंडळाची चिटणीस. नाना पुन्हा एरंडोलला गेले तसा मी त्यांच्या व्हरांड्यातल्या फळीवरून तो तुकडा काढला आणि एसटीने धुळ्याला निघाले. पारोळ्यापर्यंत मनात भाषण तयार झालं होतं. मी सगळं सांगणार, ती रडणार, मी तिला जवळ घेणार, जावई तुकडा जोडून देणार, नाना परत यायच्या आत गाडीवर पट्टी लागलेली असणार. बसमधल्या एका बाईने विचारलं, "यात बाळ आहे का?" इतका मी तो छातीशी धरला होता.

हायवेवर विचारत विचारत कारखाना सापडला. पत्र्याची शेड, मागे दोन खोल्या. जावई माल पोचवायला गेला होता. दार तिनेच उघडलं. नानांचाच चेहरा, तसाच चष्मा. आत गेले आणि बघतच राहिले. खोलीच्या तीन भिंती कोऱ्या होत्या. चौथी जमिनीपासून आढ्यापर्यंत पानाफुलांनी, पोपटांनी, डोंगरांनी भरलेली. मी बघतेय हे तिला दिसलं. "वाटून घेतल्यात," ती म्हणाली.

मी बसले आणि सगळं सांगितलं. मोर सांगितले, पट्टी सरळ असताना वाकडी म्हटलेलं सांगितलं, पहार सांगितली, स्टिकर सांगितले. मी लुगडं सोडून तुकडा तिच्यापुढे ठेवला. तिने तो उलटा केला. खालच्या खाचेत, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथेही मेणाचा थर होता. पायाच्या बोल्टभोवती चपलेच्या रबराची चकती अजून चिकटलेली होती. ती तिने अंगठ्याने दाबून पाहिली, बराच वेळ. दाराशी कोपऱ्यात एक कापडी पिशवी ठेवलेली होती, वर घडी केलेली नवी साडी दिसत होती. आखाजी होऊन आठवडा उलटला होता.

ती रडली नाही. मीच रडले, आणि रडता रडता म्हटलं, "एवढं जोडून द्या, बाई. मी संध्याकाळच्या गाडीने परत नेते, त्यांना कळूसुद्धा देत नाही."

नाना पुढे धुळ्याला गेले. पोळ्याच्या सुमारास एक दिवस सकाळी गाडी बाहेर निघाली, मागच्या सीटवर लुगड्यातलं गाठोडं, खिडकीबाहेर उजवा हात. ते परत आले तेव्हा डिकीवर पट्टी होती, आणि तिच्या फुटलेल्या जागेचा सांधा रंग देऊन लपवलेला नव्हता. तिथे काय बोलणं झालं, कोण आधी बोललं, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, आणि याचं आमच्या घरात सगळ्यांना नवल वाटलं.

मी न विचारण्याचं कारण धुळ्यातल्या त्या दुपारचं होतं. तिने तुकडा परत लुगड्यात गुंडाळला, गाठ मारली आणि माझ्या मांडीवर ठेवला. मग पाण्याचा तांब्या पुढे सरकवून, आवाज न चढवता, ती म्हणाली, "काकू, हे जसं आणलंत तसं परत घेऊन जा आणि होतं त्या फळीवर ठेवा. हे घेऊन यायचं काम नानांचं आहे आणि जोडायचं काम ह्यांचं. मोडलंतही तुम्ही, आणलंतही तुम्हीच. आता थोडं आमच्याकडे राहू द्या."